वाचकांचे प्रश्न : जपानच्या खेड्यात शेतीकामाला जाताना

प्रश्न : माझा मुलगा कृषी पदविका झाल्यापासून घरची सोयाबीन-तुरीची शेती पाहतो. जपानमध्ये भाजीपाल्याच्या शेतावर पाच वर्षे काम मिळवून देतो, असे सांगून एक एजंट साडेचार लाख रुपये मागत आहे. तेथील खेड्यात परदेशी माणसाला नीट वागवतात का? आम्ही माळकरी आहोत, मुलाच्या खाण्याचे कसे होईल?
— एक वाचक, अहमदपूर (जि. लातूर)

उत्तर : आपण पैशांविषयी काही विचारलेले नाही, तरी सुरुवात तेथूनच करावी लागेल. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणी असावी लागते, आणि उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून त्याला ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येतात. साडेचार लाखांत भाषावर्ग आणि विमानभाडे धरले असेल तर त्याचा हिशेब लेखी घ्यावा आणि एजंटाचे नाव केंद्र सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये.

मुलगा बहुधा ‘विशिष्ट कुशल कामगार’ या परवान्यावर जाईल. जपानने ही पद्धत एप्रिल २०१९ मध्ये सुरू केली आणि जानेवारी २०२१ मध्ये भारताशी तसा करार केला. त्यासाठी शेतीकौशल्याची आणि प्राथमिक जपानी भाषेची, अशा दोन परीक्षा द्याव्या लागतात. पहिल्या पातळीवर साधारणपणे एकूण पाच वर्षे राहता येते, मात्र बायकामुलांना सोबत नेता येत नाही. त्याच्या लग्नाचा विचार चालू असेल तर हे आताच बोलून घ्यावे. जपानच्या कामगार कायद्यातील कामाचे तास, विश्रांती आणि सुट्टी यांविषयीची बरीच कलमे शेतीला लागू होत नाहीत, हे एजंट सहसा सांगत नाहीत. म्हणून रोजचे तास, सुट्टीचे दिवस, जादा कामाचा दर आणि राहण्याच्या जागेचे भाडे करारात स्पष्ट लिहिलेले असावे. मालकाने मागितला तरी पासपोर्ट त्याच्या ताब्यात देऊ नये.

आता वागणुकीविषयी. तेथील खेडी म्हाताऱ्या माणसांची झाली आहेत. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभरात सुमारे ९० लाख घरे रिकामी आढळली. त्यामुळे तरण्या माणसाची गरज आहे, पण गरज आहे म्हणून आपलेपणा लगेच मिळेल असे समजू नये. बहुतेक गावांत रहिवाशांचे मंडळ असते आणि त्याच्या सूचनांची फाइल घरोघरी फिरते. आपण वाचून ती शेजारच्या घरी पोहोचवायची असते. जळणारा, न जळणारा, प्लास्टिक, काच असा कचरा वेगळा करून ठरलेल्या दिवशी सकाळीच ठेवावा लागतो. पाटाची साफसफाई आणि रस्त्याकडेचे गवत कापणे यांसाठी वर्षातून काही वेळा घरटी एक माणूस जातो. आपल्याकडच्या इर्जिकीला बोलावूनही न गेलेल्या माणसाविषयी गाव जे मनात धरते, तेच तेथेही घडते. फरक एवढाच की तेथे कोणी तोंडावर बोलून दाखवत नाही. माझ्या मते भाषा मोडकीतोडकी असली तरी चालेल, पण अशा कामाला मुलाने दांडी मारू नये. उगाच टक लावून पाहणारे आणि सारखे ‘कोठून आलात’ विचारणारे भेटतील. त्यात बहुतेक वेळा कुतूहलच असते.

खाण्याचा प्रश्न खरोखर अवघड आहे. वरून शाकाहारी दिसणाऱ्या सूपमध्ये, नूडल्समध्ये आणि शिजवलेल्या भाज्यांतही वाळवलेल्या माशाचा अर्क असतो, आणि मांस न घातलेला पदार्थ हा शाकाहारीच, असे तेथे अनेकजण मनापासून समजतात. तेव्हा मुलाला वरणभात, भाजी आणि पोळी येथेच करायला शिकवावी. भात, टोफू (सोयाबीनचे पनीर) आणि भाज्या गावातही मिळतात. डाळी आणि मसाले ऑनलाइन मागवता येतात. राहण्याच्या जागेत स्वतंत्र स्वयंपाकाची सोय आहे का, हे करारापूर्वीच विचारावे.

दुकान आणि दवाखाना बऱ्याचदा लांब असतात आणि बस मोजक्याच. मुलाकडे चारचाकीचा परवाना असेल तर निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्यावा. तो तेथे फार तर एक वर्ष चालतो, त्यानंतर परीक्षा देऊन जपानी परवाना घ्यावा लागतो.