गुहेजवळच्या धबधब्याखाली गार डोह आहे. उडी मारावी का? आणि आधी गुहा की आधी पाणी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. चौघं निघालाय, गुहा बघायचीय, आणि तिच्या तोंडापासून हाकेच्या अंतरावर धबधबा आणि खाली डोह आहे. भर उन्हाळ्यातही पाणी हाडं गोठवतं असं ऐकलंय. तिघांना तरणतलावात पोहता येतं, त्यांतल्या एकाला रक्तदाबाची गोळी चालू आहे, आणि चौथ्याला पोहता येत नाही.

उडीचं आधी सांगतो, कारण मी ती मारलेली आहे.

तेव्हा मी रोज पोहायचो. तलावात न थांबता किलोमीटरभर सहज जायचं, त्यामुळे अंगात मस्ती होती. अशाच एका गुहेखालचा डोह, पाणी निळसर हिरवं, तळाचे गोटे मोजता येतील इतकं नितळ. पुरुषभर उंचीच्या खडकावरून मुटका मारला. पाण्यात शिरल्या क्षणी जे झालं त्याला ‘गार लागलं’ म्हणणं म्हणजे चेष्टा आहे. छातीभोवती कुणी पट्टा आवळावा तसं झालं आणि तोंड आपोआप उघडलं. नशीब, तोवर डोकं वर आलं होतं. पहिला घोट हवेचा मिळाला, दुसऱ्यात पाणी आलं. काठ सहा-सात हातांवर होता, पण मला हात मारताच येईनात. नुसता कुत्र्यासारखा धापा टाकत होतो. काठावरच्या मित्राला वाटलं मी नाटक करतोय, तो टाळ्या वाजवत होता.

नंतर याबद्दल वाचलं तेव्हा कळलं की हे अगदी ठरल्याप्रमाणे घडतं. त्वचा एकदम गार झाली की शरीर आधी एक मोठा आचका देऊन श्वास आत ओढतं आणि मग श्वास भराभर सुरू होतो. ते थांबवणं आपल्या हातात नसतं. एरवी मिनिटभर श्वास रोखणाऱ्या माणसालाही अशा पाण्यात काही सेकंदांपलीकडे तो रोखता येत नाही. त्या पहिल्या आचक्याला तोंड पाण्याखाली असेल तर पोहता येऊन उपयोग काय? पोर्ट्समथ विद्यापीठातले मायकल टिप्टन यांनी यावर अनेक वर्षं काम केलंय. पहिल्या अर्ध्या मिनिटात हा झटका सगळ्यात जोरात असतो आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतो. कॅनडातले गॉर्डन गीसब्रेख्त हेच १-१०-१ असं सांगतात: श्वास ताब्यात यायला १ मिनिट, हातपाय नीट चालतात ती १० मिनिटं, आणि थंडीने शुद्ध जायला सुमारे १ तास. हे आकडे बर्फाळ पाण्याचे आहेत, तुमच्या डोहात वेळ थोडा जास्त मिळेल, पण क्रम तोच. आपण सगळे घाबरतो त्या शेवटच्या तासाला. गोत्यात आणतं ते पहिलं मिनिट.

म्हणून उडी नको. सूर नको, मुटकाही नको. निदान पहिल्यांदा आत शिरताना तरी नाहीच.

आता तुमचं पाणी नेमकं किती गार असेल, याचा अंदाज घरबसल्या काढता येतो. जमिनीच्या पोटात काही मीटर खाली गेलं की ऋतू पोचत नाहीत. तिथे बारा महिने जवळपास तेच तापमान असतं, त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं. गुहेतून निघणारं पाणी त्याच खडकात मुरत आलेलं असतं, म्हणून तेही तसंच. अमेरिकेतल्या केंटकीमधली मॅमथ केव्ह आतून साधारण १२ अंश सेल्सिअस असते. न्यू मेक्सिकोतल्या सँटा रोझा इथला ‘ब्लू होल’ नावाचा डोह वर्षभर १६-१७ अंशांवर असतो, बाहेर होरपळ असो की हिमवर्षाव. उलट मेक्सिकोच्या युकातान भागात चुनखडीची छतं कोसळून झालेल्या सेनोते नावाच्या विहिरींचं पाणी २४-२५ अंश, कारण तिथली हवाच वर्षभर उबदार. तेव्हा जिथे चाललाय तिथलं वार्षिक सरासरी तापमान शोधा, पाणी त्याच्या आसपासचं समजा. फक्त वर डोंगरात बर्फ वितळून ते पाणी खडकांच्या भेगांत शिरत असेल, तर त्याहून गार. स्पर्धेच्या तरणतलावाचं पाणी २५ ते २८ अंशांच्या दरम्यान ठेवतात. तुमच्या अंगाला सवय आहे ती त्याची, आणि पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून नेतं. म्हणून १५ अंशांची हवा आणि १५ अंशांचं पाणी यांची तुलनाच नको.

आणि काठावर पाय बुडवून ‘एवढं काही गार नाही’ म्हणू नका. काठाजवळच्या संथ, उथळ कोपऱ्यात ऊन लागून वरचं वीतभर पाणी कोमट होतं. गुडघ्यापर्यंत गेलात की पोटऱ्या सुखात आणि पावलं बर्फात, अशी गंमत असते.

शिरायचं कसं, तर डोहाचं पाणी जिथून खाली वाहून जातं त्या बाजूने. तिथे बहुतेक वेळा तळ उथळ आणि गोट्यांचा असतो. मात्र लगेच पुढे दुसरा धबधबा असेल तर ती बाजू सोडा. पायात जुने बूट किंवा पकड असलेल्या सँडल ठेवा. शेवाळलेल्या खडकावर अनवाणी पाय साबणासारखा सटकतो. कमरेपर्यंत गेलात की थांबा. ओंजळीने मानेवर, चेहऱ्यावर, छातीवर पाणी घ्या. श्वास सोडण्याकडे लक्ष द्या, लांब आणि सावकाश, जणू गरम दुधावर फुंकर घालताय. श्वास आपोआप संथ झाला की मगच खांदे बुडवा. एवढं करून कुणी पाय घसरून पडलंच, तर पोहायची धडपड न करता पाठीवर तरंगायचं, कान पाण्यात, तोंड आभाळाकडे, आणि मिनिटभर तसंच राहायचं. ब्रिटनमधल्या जीवरक्षकांची आरएनएलआय ही संस्था लोकांना नेमकं हेच शिकवते. जाण्याआधी आठ-दहा दिवस घरी थोडा-थोडा वेळ गार पाण्याने अंघोळ केलीत तर झटका कमी बसतो. पाच-सहा छोट्या बुड्यांनीही शरीर हे बऱ्यापैकी शिकतं.

नितळ पाणी आणखी एका बाबतीत फसवतं. वरून पाहताना खोली खऱ्या खोलीच्या पाऊणपटच दिसते. चार मीटरचा तळ तीन मीटरवर वाटतो. न पोहणाऱ्या मित्राला ‘छातीभर असेल’ वाटणारं पाणी डोक्यावरून जाऊ शकतं. त्याला जीवरक्षक जॅकेट घाला, नीट बंद करून, आणि कमरेच्या पुढे जाऊ देऊ नका. हवा भरायची रबरी चाकं वगैरे नकोत. ती प्रवाहात माणसाच्या आधी निघून जातात.

आता धबधबा. फोटो सगळ्यांना त्याच्या खालीच हवा असतो, आणि नेमकी तीच जागा वाईट. पडणाऱ्या पाण्यासोबत हवा आत जाते, पाणी फेसाळ होतं, आणि फेसाळ पाणी माणसाला नीट तोलत नाही. तिथे चांगला पोहणाराही बसकण मारल्यासारखा खाली जातो, हात मारले तरी पकड मिळत नाही. शिवाय पडलेलं पाणी तळाशी जाऊन वर उसळतं आणि त्यातलं काही पृष्ठभागावरून परत धबधब्याकडेच वळतं. हे डोळ्यांनी दिसतं. काठावर बसा आणि पाण्यावर तरंगणाऱ्या एखाद्या वाळक्या पानाकडे पाच मिनिटं बघा. मी पाहिलेलं एक पिवळं पान धबधब्याच्या दिशेने सावकाश सरकायचं, फेसात गडप व्हायचं, दोन हात अलीकडे वर यायचं आणि पुन्हा तिकडेच निघायचं. सहा फेऱ्या मी मोजल्या. पान बाहेर पडून उताराला लागतं त्या पट्ट्यात पोहा, पान फिरतं त्या पट्ट्यात नाही.

आणि वरून फक्त पाणीच येतं असं नाही. २० मीटरवरून सुटलेला दगड खाली पोचतो तेव्हा त्याचा वेग ताशी ७० किलोमीटरच्या घरात असतो, मग तो लिंबाएवढा का असेना. धबधब्यामागच्या कपारीत जाऊन पडद्याआडून बाहेर बघायला फार सुंदर दिसतं, हे कबूल. आइसलंडचा सेल्यालँड्सफॉस त्यासाठीच प्रसिद्ध आहे, ६० मीटर उंच आणि मागून फिरून यायला पायवाट. पण तिथे लोक चालत जातात, पोहत नाहीत. तुमच्याकडे अशी वाट असेल तर जरूर जा. पाण्यातून पोहत कपारीत शिरायच्या फंदात पडू नका. तिथल्या खडकाखाली अजून किती पोकळ आहे ते वरून कळत नाही.

पाऊस हा वेगळा विषय. चुनखडीच्या डोंगरात पाणी मातीतून गाळत बसत नाही, भेगांतून सरळ नळासारखं येतं. दूर माथ्यावर पडलेला पाऊस गुहेत आणि डोहात फार लवकर पोचतो, तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी. २०१८ च्या जूनमध्ये थायलंडच्या थाम लुआंग गुहेत बारा मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले ते असंच पाणी चढून. सगळे वाचले, पण बाहेर काढायला १० जुलै उजाडला. डोहात असताना पाणी गढूळ व्हायला लागलं, काटक्या-पाला वाहून यायला लागला किंवा धबधब्याचा आवाज भारी झाला, तर सामान गोळा करत बसू नका. उंचावर चढा. सामान नंतर मिळेल किंवा नाही मिळणार.

आधी गुहा की आधी पाणी? आधी गुहा, माझ्यापुरता यात वाद नाही. ओल्या अंगाने १२-१५ अंशांच्या गुहेत शिरलात तर ऊब परत येणारच नाही. आत ऊन नाही आणि चालणंही सावकाश. दुसरं म्हणजे अशा घळीत ऊन थेट डोहावर पडतं ते दुपारी, तेही काही ठिकाणी जेमतेम दोन तास. सकाळी गुहा उरकलीत की बाहेर याल तेव्हा काठावरचे खडक तापलेले मिळतील. गुहेत प्रत्येकाकडे स्वतःची विजेरी हवी, मोबाइलचा दिवा त्यात धरू नका. आणि आधी दुसऱ्या एखाद्या गुहेत वापरलेले बूट-कपडे न धुता इथे आणू नका. अमेरिकेत २००६ पासून पांढऱ्या नाकाच्या रोगाने वटवाघळं लाखोंनी मेली, आणि त्या बुरशीचे बीजाणू माणसांच्या कपड्यांवरून, सामानावरूनही एका गुहेतून दुसरीत जाऊ शकतात.

रक्तदाबवाल्या मित्राबद्दल मी डॉक्टर नाही, पण एवढं नक्की की त्याने त्याच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. गार पाण्याने रक्तदाब एकदम चढतो आणि ठोके वाढतात. त्याच वेळी चेहरा बुडला की शरीर उलट ठोके कमी करायला बघतं. हृदयाला एकाच वेळी दोन उलटे हुकूम जातात, आणि त्यात ठोक्यांची लय बिघडू शकते. धडधाकट माणूस बहुधा निभावून नेतो. दारू पिऊन तर कुणीच उतरू नका, धडधाकटांनीही.

किती वेळ थांबायचं? पहिल्या खेपेला पाच-सात मिनिटं पुष्कळ झाली. श्वास बसल्यावर एक टप्पा येतो, अंग बधिर होतं आणि चक्क बरं वाटायला लागतं. ‘आता सवय झाली’ असं प्रत्येक जण म्हणतो तो याच वेळी. तेव्हा अंगठा करंगळीला टेकवून बघा. टेकत नसेल, किंवा टेकवायला विचार करावा लागत असेल, तर बाहेर पडायची वेळ झाली. खडक धरून वर चढायला तीच बोटं लागणार आहेत.

बाहेर आल्यावरही शरीर आणखी काही वेळ आतून गार होत राहतं, कारण हातापायांतलं थंड रक्त परत आत येतं. म्हणून खरी हुडहुडी दहा मिनिटांनी भरते. ओले कपडे लगेच उतरवा, अंग कोरडं करा, डोक्यावर टोपी, खाली बसायला काहीतरी जाड, आणि थर्मासमधलं गरम गोड काहीही. दात वाजायचे थांबेपर्यंत गाडी चालवू नका.

आणि वर घालायला बटणांचा शर्ट नेऊ नका. त्या दिवशी मी नेला होता. बोटं बटणावर होती, बटण भोकासमोर होतं, आणि दोघांची गाठ पडेना. शेवटी टाळ्या वाजवणाऱ्या त्याच मित्राने लहान मुलाला घालावा तसा मला शर्ट घातला, वरपासून खालपर्यंत, आणि एक बटण चुकवून.