तीन तासांचा माहितीपट आणि फडताळातला कप

प्रश्न

आदरणीय ताई,

माझे वय ५८ आहे आणि आमच्या लग्नाला ३४ वर्षे झाली. आम्ही नाशिकला राहतो. यजमान एका कारखान्याच्या हिशेब विभागातून निवृत्त झाले आहेत. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या मित्राने त्यांना ‘जय भीम कॉमरेड’ हा माहितीपट पाहायला नेले. राजकारणाचा मला कंटाळा असल्यामुळे मी गेले नाही. त्या रात्री हे परत आले ते जेवले नाहीत, काही बोललेही नाहीत, आणि तेव्हापासून माझ्या ओळखीचे राहिलेले नाहीत.

आमच्या मुलाला इंजिनिअरिंगला हवी ती जागा मिळाली नाही, तेव्हापासून आरक्षणाविषयी आमच्या घरात एकच मत होते आणि ते मांडण्यात हेच सर्वांच्या पुढे असत. यंदा दिवाळीत माझ्या भावाने तो विषय काढला, तेव्हा हे सर्वांदेखत म्हणाले की, मुलाला गुणच कमी पडले होते, ते आम्ही दोघांनी कधी कबूल केले नाही. मला मान वर करता येईना. सकाळी फिरायला जाणाऱ्या मंडळींशीही वाद झाला आणि आता हे एकटेच जातात. एकदा तर मला विचारले की, धुणेभांडी करणाऱ्या बाईंचा कप तू वेगळा का ठेवतेस. तो सासूबाईंपासून तसा आहे आणि त्यामागे स्वच्छतेखेरीज दुसरे काही नाही.

असे माहितीपट एकतर्फीच असतात ना? तीन तासांत माणूस इतका कसा बदलतो? आणि संसार नीट चालायचा तर मीही मते बदलायची का?

— एक वाचक, नाशिक

उत्तर

तुमच्या पत्रात कपाचा उल्लेख अगदी थोडक्यात, जाता जाता आला आहे, पण पत्र वाचताना मी सर्वांत जास्त वेळ तेथेच थांबले. त्याकडे मी येणारच आहे. त्याआधी तो माहितीपट कशाविषयी आहे हे तुम्हाला ठाऊक असायला हवे, कारण यजमान काय पाहून आले हे त्यांनी तुम्हाला सांगितल्याचे पत्रात कोठेही दिसत नाही. त्यातून त्यांनी काढलेले निष्कर्ष तेवढे तुमच्या वाट्याला आले आहेत.

११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांची माळ घातलेली आढळली. निषेध करायला जमलेल्या वस्तीतल्या लोकांवर राज्य राखीव पोलिस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि त्यात १० जण मरण पावले. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी गळफास लावून घेतला. आनंद पटवर्धनांनी मुंबईच्या झोपडपट्ट्यांवर पूर्वी केलेल्या माहितीपटात घोगरे गायले होते. त्या ओळखीच्या आवाजाचा असा शेवट का झाला, हे शोधत पटवर्धन पुढची १४ वर्षे चित्रण करीत राहिले आणि २०११ मध्ये हा माहितीपट पुरा झाला. त्यात मरण पावलेल्यांची घरे आहेत, भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीचे २००६ मधील हत्याकांड आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या वस्त्यांमधून गायिली गेलेली शाहिरी आहे.

हा माहितीपट एकतर्फी आहे का? तो एका दिग्दर्शकाने एका भूमिकेतून रचला आहे आणि ती भूमिका त्याने लपवलेली नाही. कोणाला किती वेळ बोलू द्यायचे आणि कोणत्या दृश्यानंतर कोणते ठेवायचे हे त्यानेच ठरवले आहे, आणि त्याच्या मांडणीशी असहमत होण्याचा अधिकार प्रत्येक प्रेक्षकाला आहे. मात्र मांडणी वेगळी आणि घटना वेगळी. रमाबाई नगरातील गोळीबार समर्थनीय नव्हता, हा निष्कर्ष न्यायमूर्ती गुंडेवार यांच्या चौकशी आयोगानेही काढला होता, आणि गोळीबाराचा आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याला २००९ मध्ये सत्र न्यायालयाने दोषी ठरवून जन्मठेप सुनावली होती. पुढे प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि त्याला जामीन मिळाला. म्हणजे ज्या गोष्टीने तुमच्या यजमानांची त्या रात्रीची भूक गेली, ती केवळ कॅमेऱ्याची करामत नव्हती. त्याच वेळी हेही खरे की, पोलिसांच्या गोळीबारावरील माहितीपट पाहून प्रवेशातील आरक्षण कसे असावे या प्रश्नाचे उत्तर आपोआप मिळत नाही. यजमानांनी ते उत्तर तेथून घेतले असेल, तर मधली वाट त्यांनी तुम्हाला उलगडून दाखवायला हवी, आणि तुम्ही ती मागायला हवी.

तीन तासांत माणूस बदलतो का, याविषयी मला शंका आहे. हिशेब तपासण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला आपल्या मुलाचे गुण आणि त्या वर्षीची गुणांची मर्यादा ठाऊक नव्हती, असे मला वाटत नाही. ती बेरीज त्यांच्या मनात कधीच झालेली असणार, फक्त ती उच्चारली की मुलाला दुखावल्यासारखे होईल म्हणून त्यांनी ती दडवून ठेवली असणार, आणि राग दुसऱ्या कोणावर काढणे त्यांना सोपे गेले असणार. या माहितीपटात सहा डिसेंबरच्या सुमारास चैत्यभूमीकडे येणाऱ्या गर्दीविषयी तक्रार करणारी मध्यमवर्गीय माणसे बोलताना दिसतात. ती सभ्य, शिकलेली, आपल्यासारखीच माणसे आहेत. पडद्यावरच्या अशा माणसाच्या तोंडून आपलेच वाक्य ऐकू येणे, आणि त्याच्या मागेपुढे ज्यांच्याविषयी ते वाक्य आहे त्यांची घरे दिसणे, याचा घाव फार खोल जातो. एरवी एखाद्या समाजाविषयी मत असते. तेथे नवऱ्याचा फोटो हातात घेऊन बसलेली बाई समोर येते, आणि त्या मताला तिच्याशी काय बोलावे ते सुचत नाही.

म्हणून कोणी त्यांचे कान भरले, त्यांना फितवले, असे समजू नका. त्या समजुतीत त्यांचा अपमान आहे आणि तुमचीही फसवणूक आहे.

आता दिवाळीविषयी. मुलाच्या गुणांबद्दल ते जे बोलले ते खरे असेलही, परंतु ‘आम्ही दोघांनी’ हे शब्द तुम्हाला न विचारता, तुमच्या माहेरच्या माणसांसमोर उच्चारण्याचा अधिकार त्यांना नव्हता. स्वतःची कबुली माणसाने स्वतःच्या नावाने द्यावी. नव्याने काही पटलेल्या माणसाला फार घाई असते. आपल्याला जेथे पोहोचायला ६० वर्षे लागली, तेथे पत्नीने एका संध्याकाळीत यावे असे त्याला वाटते. हे उत्तर यजमान वाचत असतील, तर त्यांना माझी विनंती आहे की, त्या रात्री काय पाहिले ते त्यांनी पत्नीला जेवणाच्या टेबलावर आधी नुसते सांगावे.

आणि आता तो कप. यजमानांनी विचारले, ‘तू वेगळा का ठेवतेस.’ तुम्हाला जे लागले ते या ‘तू’मुळे, असे मला वाटते, आणि त्याबाबतीत मी पूर्णपणे तुमच्या बाजूने आहे. त्यांच्या आईने तो कप ठेवला, त्या स्वयंपाकघरात त्यांनी ३४ वर्षे चहा घेतला, फडताळाच्या त्या कोपऱ्यावरून त्यांची नजर हजारो वेळा गेली, आणि एके दिवशी अन्याय दिसला तेव्हा तो सून म्हणून घरात आलेल्या बाईच्या नावावर लिहिला गेला. स्वयंपाकघर बायकांचे, म्हणून त्यातला दोषही बायकांचा, ही जुनीच वाटणी आहे आणि ती त्यांच्या नव्या विचारांना शोभत नाही.

परंतु त्यांचा प्रश्न चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. माझ्या माहेरी मागच्या पडवीतल्या कोनाड्यात एक ॲल्युमिनियमचा पेला उपडा ठेवलेला असे, आणि त्यालाही आम्ही स्वच्छतेचेच नाव दिले होते. तो कोणासाठी आहे हे आम्हा मुलांना कोणी सांगितले नव्हते, तरी ठाऊक होते. प्रश्न स्वच्छतेचा असता तर अनोळखी पाहुण्यांचे कपही वेगळे असते. तुमच्या घरातील सगळी भांडी त्या बाईंच्याच हातून स्वच्छ होतात, त्यांचा स्वतःचा कपही. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली त्याला सात दशकांहून अधिक काळ लोटला आहे, आणि तुम्ही तर त्या शहरात राहता जेथे २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह सुरू झाला. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली तो पाच वर्षे चालला, तरी दार उघडले नाही. रामनवमीला तुम्ही त्या दारातून आत जात असाल. यजमानांना एकदा बरोबर घेऊन जा आणि पूर्व दरवाजाबाहेर थोडा वेळ उभ्या राहा; माहितीपटावर वाद घालण्यापेक्षा तेथे बोलणे तुम्हा दोघांना सोपे जाईल असे मला वाटते.

तुम्ही मते बदलायला हवीत का? पतीला पटले एवढ्याच कारणासाठी मुळीच नाही. पूर्वी घरात एकच मत होते असे तुम्ही लिहिता. ते तुमचे किती होते आणि यजमान मांडत असत म्हणून मान्य केलेले किती होते, हे मात्र एकदा निवांत तपासून पाहा. आरक्षणाविषयी तुमचे मत अखेरीस वेगळेच राहिले, तरी संसाराला त्याने धोका नाही. माहितीपट पाहा, तो शक्यतो त्यांच्यासोबत पाहा, मात्र त्यांनी पडद्याऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे पाहत बसू नये एवढी अट आधीच घाला.

कपाच्या बाबतीत मात्र सहमतीची वाट पाहू नका. त्यासाठी बाईंना समोर बसवून काही समजावून सांगण्याची किंवा क्षमा मागण्याचा समारंभ करण्याची गरज नाही. त्याने त्याच अवघडतील. उद्या सकाळी तिघांचा चहा एकाच संचातल्या कपांमध्ये ओतला जावा, आणि तो यजमानांनी करावा.