‘ले फोर्ट २’ ही स्टेज नाही

ताई, तुमचा प्रश्न असा: भाऊ मोटरसायकलवरून तोंडावर आपटला, सीटीच्या रिपोर्टमध्ये ‘उजवीकडे ले फोर्ट १, डावीकडे ले फोर्ट २, डाव्या गालाचं हाड मोडलेलं’ असं आलंय, आणि डॉक्टर म्हणतात सूज उतरली की पाच-सहा दिवसांनी ऑपरेशन करू. दुखणं दुसऱ्या स्टेजला गेलंय का आणि थांबण्यात धोका आहे का, हे तुम्हाला हवंय. मी वीस वर्षं चेहऱ्याच्या आणि जबड्याच्या शस्त्रक्रिया करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

स्टेज वगैरे काही नाही. १, २, ३ हे आकडे तडा कोणत्या उंचीवरून गेलाय एवढंच सांगतात. दोन बाजूंना दोन वेगळे आकडे येणं तर नेहमीचंच. रेने ले फोर्ट नावाच्या फ्रेंच सर्जननी मृतदेहांच्या डोक्यांवर वेगवेगळ्या दिशांनी आघात करून पाहिले आणि १९०१ मध्ये मांडलं, की चेहऱ्याचा मधला भाग वाटेल तसा फुटत नाही, काही ठरावीक कमकुवत रेषांवर फुटतो.

का, ते समजायला जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. भुवयांपासून वरच्या दातांपर्यंतचा भाग तसाच बांधलेला आहे. उभे खांब प्रत्येक बाजूला तीन: एक नाकाच्या कडेने, एक गालाच्या हाडातून, एक पार मागे, टाळूच्या पाठीशी. आडव्या तुळया म्हणजे भुवईची कड, डोळ्याखालची कड आणि टाळू. मधल्या भिंती मात्र अंड्याच्या टरफलासारख्या पातळ, आणि त्यांच्या आत सायनसच्या पोकळ खोल्या. ऊस सोलताना दातांवर येणारा जोर खालून वर कवटीकडे जावा, यासाठी ही सगळी रचना. तो जोर ती आयुष्यभर पेलते. पण समोरून आडवा दणका बसला, की हेच खांब भेंडीसारखे मोडतात. म्हणूनच आपल्याकडे दुचाकीचे अपघात या फ्रॅक्चरचं मोठं कारण आहेत. त्यानंतर मारामारी, पडणं, खेळातली कोपरं आणि चेंडू. हनुवटी उघडी ठेवणारं हेल्मेट कवटी वाचवतं, चेहऱ्याचा हा भाग उघडाच राहतो.

ले फोर्ट १ मध्ये तडा दातांच्या मुळांच्या वरून आडवा जातो आणि टाळूसकट वरचे दात एका तुकड्यात सुटतात. २ मध्ये तो नाकाच्या मुळापासून डोळ्याखालच्या कडेतून तिरपा खाली येतो, म्हणजे त्रिकोणी तुकडा सुटतो. ३ मध्ये गालाच्या हाडांसकट अख्खा चेहराच कवटीपासून वेगळा होतो. तिन्हींत मागचा खांब मोडलेला असतोच. आम्ही तपासताना एका हाताने वरचे पुढचे दात धरून हलकेच हलवतो आणि दुसऱ्या हाताची बोटं नाकाच्या मुळाशी ठेवतो. दातांबरोबर बोटांखालचं हाडही सरकलं, तर तडा वरपर्यंत गेलाय. पहिल्यांदा ते जाणवलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. घरी मात्र हे करून बघू नका.

गालाच्या हाडाचं वेगळं. ते चार ठिकाणी इतर हाडांना जोडलेलं असतं. ते आत दबलं की गाल सपाट दिसतो आणि कधी खालच्या जबड्याला अडून तोंड उघडत नाही. भावाचा डावा गाल, नाकाची बाजू आणि वरचा ओठ बधिर असेल, तर डोळ्याखालून जाणारी नस दुखावली आहे. बहुतेकांना हळूहळू संवेदना येते, पण महिने लागतात.

आता थांबण्याबद्दल. डॉक्टरांचं बरोबर आहे. सुजेवर प्लेट बसवली तर दोन्ही बाजू सारख्या आल्या का, हे नजरेला कळत नाही. मात्र फार लांबवूही नये. साधारण दोन आठवड्यांनंतर हाडं वाकडी जुळू लागतात आणि ती सोडवणं कठीण होतं.

पण काही गोष्टींना थांबणं नाही. डोळा दुखून बाहेर येऊ लागला आणि नजर अंधूक झाली, तर खोबणीत रक्त साठतंय. रात्रीचे दोन वाजले असले तरी ड्यूटीवरच्या डॉक्टरांना उठवा. नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट काही ठिबकलं, तर मेंदूभोवतीचं पाणी गळत असू शकतं, लगेच सांगा. रक्त घशात उतरून श्वास अडत असेल तर तेही तसंच. आणि भावाला नाक शिंकरू देऊ नका. सायनसची हवा कातडीखाली शिरते आणि पापणी दाबली की कुरकुर वाजते. शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून.

मुलांच्या बाबतीत एक सांगतो, कारण ही चूक वारंवार होते. कबड्डीत डोळ्यावर कोपर बसलेला अकरा वर्षांचा मुलगा आला होता. डोळा पांढरास्वच्छ, सूज जवळजवळ नाही. पण वर बघायला सांगितलं की तो डोळा वर जाईना आणि मुलगा ओकायचा. घरच्यांना वाटलं डोक्याला मार लागलाय. खोबणीचा तळ दारासारखा उघडून पुन्हा मिटला होता आणि डोळा हलवणारा स्नायू फटीत अडकला होता. त्याचं त्याच रात्री केलं. मुलांचं हाड लवचीक असतं, म्हणून हे होतं. तिथे सूज उतरायची वाट बघायची नसते.

ऑपरेशनमध्ये आधी दात दातांवर बसवून तारेने बांधतात, कारण चावण जुळली की वरची हाडं आपोआप जागेवर येऊ लागतात. मग खांबांवर टायटॅनियमच्या बारीक प्लेट आणि स्क्रू. तारा ठेवल्या, तर ते दिवस पेज, ताक, वरणाचं पाणी यांवर काढायचे.

भाऊ गुटखा खात असेल तर भुलीच्या डॉक्टरांना आधीच सांगा, लपवू नका; अशांचं तोंड मुळातच कमी उघडतं आणि नळी घालणं अवघड होतं. आणि अपघाताआधीचा, समोरून काढलेला, दात दिसणारा एखादा फोटो सर्जनला नेऊन द्या. त्याचे दात आधीपासून थोडे पुढे होते का, नाक आधीच वाकडं होतं का, हे आम्हाला त्यातूनच कळतं.