प्रोसेसर बदलण्याआधी बायोस

प्रश्न : माझ्या संगणकात बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड आणि रायझन ५ २६०० हा प्रोसेसर आहे. त्या जागी रायझन ७ ५७००एक्स बसवायचा आहे. तापकीर गल्लीतल्या दुकानदाराने आधी बायोस (संगणक सुरू करणारी, मदरबोर्डावरची मूळ आज्ञावली) अपडेट करायला सांगितले. पण मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होतो, असे एक मित्र म्हणतो. पावसाळ्यात आमच्याकडे वीज वरचेवर जाते. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : दोघांचेही म्हणणे खरे आहे. बी४५० चिपसेट २०१८ मधला आणि ५७००एक्स २०२२ मधला, त्यामुळे जुन्या बायोसला हा प्रोसेसर ओळखताच येत नाही. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसवण्याची जागा, तोच (एएम४) असल्याने तो बसतो, पंखाही फिरतो, पण पडद्यावर काही उमटत नाही. म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच हे काम उरकावे.

बोर्डाचे नेमके नाव आणि त्यावर छापलेला रिव्हिजन क्रमांक आधी टिपून घ्या, कारण एकाच नावाच्या दोन रिव्हिजनच्या फायली वेगळ्या असू शकतात. उत्पादक कंपनीच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरच्या यादीत ५७००एक्ससाठी किमान कोणती आवृत्ती लागते ते पाहा, आणि मधली एखादी आवृत्ती आधी घालणे बंधनकारक आहे का, हेही त्या पानावर वाचा. फाईल एफएटी३२ फॉरमॅटच्या पेनड्राइव्हवर ठेवून अपडेट विंडोजमधून न करता बायोसमधल्याच सोयीतून करावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

विजेसाठी यूपीएस हवाच. नसेल तर शेजाऱ्यांकडून तासाभरासाठी मागून आणा. मात्र त्याची बॅटरी दमलेली नाही ना, हे आदल्या दिवशी भिंतीवरचे बटण बंद करून, संगणक दहा मिनिटे तग धरतो का, यावरून पडताळा. देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा आपल्याकडचा वार गुरुवार, तो टाळलेला बरा. काम काही मिनिटांचेच असते, पण त्यानंतरच्या पहिल्या सुरुवातीला पडदा बराच वेळ काळा राहू शकतो. तेव्हा घाबरून बटण दाबू नका.

बहुतेकांच्या लक्षात न येणारा धोका विजेचा नसून कुलपाचा असतो. विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरची माहिती कुलूपबंद ठेवणारी सोय, चालू असेल, तर त्याच्या किल्ल्या प्रोसेसरशी जोडलेल्या एफटीपीएम या सुरक्षित कप्प्यात असतात. प्रोसेसर बदलला की ती साखळी तुटते आणि संगणक ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. ती नसेल तर घरचे फोटो, हिशेब, सारे डिस्कवर असूनही हाती लागत नाही. म्हणून ती की आधीच कागदावर उतरवून घ्या, महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा आणि काम होईपर्यंत बिटलॉकर तात्पुरता स्थगित करा. नव्या प्रोसेसरनंतर एफटीपीएम रीसेट करू का, असे विचारले गेले, तर की हाताशी असल्याशिवाय ‘वाय’ (होय) दाबू नका.

अपडेटनंतर जुन्याच प्रोसेसरवर संगणक एकदा नीट चालवून पाहा आणि मेमरी पूर्ण वेगाने चालवणारे एक्सएमपी हे सेटिंग पुन्हा चालू करा, कारण अपडेटमध्ये सेटिंग्ज मूळपदावर येतात. मग दहा-पंधरा मिनिटे संगणक चालवून तापू द्या, बंद करून वायर काढा आणि कूलर सरळ वर न ओढता डावी-उजवीकडे हलकेच फिरवत सोडवा. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधली, उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट वाळलेली असली की कूलरला चिकटून प्रोसेसरच सॉकेटमधून उपसून येतो आणि त्याच्या खालच्या बारीक पिना वाकतात.