मोरॅटोरियम बँकेनेच दिलं, मग थकबाकी कशी?

प्रश्न : टेम्पोसाठी २०१८ मध्ये कर्ज घेतलं होतं. लॉकडाऊनमध्ये बँकेने एप्रिल ते ऑगस्ट २०२० चे हप्ते पुढे ढकलले, म्हणजे मोरॅटोरियम दिलं, तसा एसएमएसही आला. सप्टेंबरचा हप्ता २२ दिवस उशिरा भरला, पुढे कर्ज पूर्ण फेडलं. आता गृहकर्ज नाकारलंय, कारण क्रेडिट रिपोर्टमध्ये त्या महिन्यांची थकबाकी दिसते. मॅनेजर म्हणतात, मोरॅटोरियम ऐच्छिक होतं. चढवलेलं व्याजही परत मिळेल का?

उत्तर : मॅनेजर सांगतात ते अर्धंच खरं आहे. रिझर्व्ह बँकेच्या २७ मार्च २०२० च्या परिपत्रकाने बँकांना फक्त मुभा दिली होती. सवलत द्यायची की नाही, हे बँकेने ठरवायचं होतं. पण एकदा दिल्यावर नोंद कशी करायची, हे बँकेच्या मर्जीवर सोडलेलं नव्हतं. पुढे ढकललेला हप्ता क्रेडिट रिपोर्ट बनवणाऱ्या क्रेडिट कंपन्यांना थकबाकी म्हणून कळवायचा नाही, असं त्याच परिपत्रकात स्पष्ट आहे. मे महिन्यात या सवलतीची मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, तेव्हा तुमचे पाचही हप्ते त्यात बसतात.

रिपोर्टमधली २०२० ची ओळ काढा. प्रत्येक महिन्याच्या चौकटीत तीन आकडे असतात. ०३०, ०६० म्हणजे तितके दिवस हप्ता थकलेला. एप्रिल ते ऑगस्टच्या चौकटींत असे आकडे असतील, तर ते चुकीचे आहेत आणि तुमचं भांडण तेवढ्यापुरतंच आहे. सप्टेंबरची नोंद खरी आहे, तिला हात लावू नका. खऱ्या नोंदीवर वाद घातलात, तर खोट्या नोंदीबद्दलचं म्हणणंही कमकुवत होतं.

व्याजाच्या मागे फार लागू नका. सर्वोच्च न्यायालयाने २३ मार्च २०२१ रोजी सरसकट व्याजमाफी नाकारली. व्याजावरचं व्याज तेवढं परत करायला किंवा वळतं करायला सांगितलं. १२ टक्के दराने चार लाख बाकी धरली, तर सहा महिन्यांचा हा फरक सहाशे रुपयांच्या आसपास येतो. कर्जखात्याच्या उताऱ्यात तो जमा दिसतो का, तेवढं पाहा. तुमचं खरं नुकसान त्या पाच चौकटींनी केलंय आणि मला ते मनापासून खटकतं. सरकारी सवलतीवर विसंबलेल्या माणसाला त्याच सवलतीची शिक्षा होता कामा नये.

बँक आणि क्रेडिट कंपनी, दोघांनाही लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. दुरुस्तीला ३० दिवसांची मुदत आहे. त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे. तरीही दाद लागली नाही, तर वेळ न दवडता रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी नाही. मात्र तक्रार स्वतःच्या नावाने करा. वकिलामार्फत आलेली तक्रार लोकपाल घेत नाही.

तो एसएमएस जुन्या फोनमध्ये असेल, तर आजच स्क्रीनशॉट काढून ठेवा. नसेल, तर कर्जखात्याचा उतारा मागवा. हप्ते पुढे सरकून मुदत वाढलेली त्यात दिसेल. तोही पुरावाच आहे.