उभा राहतो तो खटला

एका वाचकाने विचारलंय: 'आरोपी खटल्याला उभा राहण्यास मानसिकदृष्ट्या अनफिट' हे मराठीत कसं लिहायचं? 'वेडसर' चालेल का?

वेडसर चालणार नाही. आणि 'खटल्याला उभा राहणे' तर मुळीच नाही. मराठीत उभा राहतो तो खटला. आरोपीला पिंजऱ्यात उभं करतात. परवा एका बातमीत 'खटल्यासाठी तंदुरुस्त' ऐकलं. कोर्टात काय जोरबैठका काढायच्यात?

त्याच बातमीत दुसरा घोळ. गुन्हा करतेवेळी भान नसणं वेगळं आणि खटल्याच्या वेळी स्वतःचा बचाव करता न येणं वेगळं. पहिल्यासाठी दंड संहितेचं ८४वं कलम होतं, आता न्याय संहितेचं २२वं. ते सिद्ध झालं तर माणूस निर्दोष ठरतो. दुसऱ्यासाठी, १ जुलै २०२४ पासून, नागरिक सुरक्षा संहितेची ३६७ आणि पुढची कलमं. तिथे डॉक्टरी तपासणी होते, खटला तहकूब ठेवतात आणि माणूस सावरला की पुन्हा चालवतात.

आता खरी गंमत. कायद्याच्या मराठीत यासाठी 'मनोविकल' किंवा 'विकल मनाचा' असं म्हणतात. विकल म्हणजे व्याकूळ, एवढ्यावर पुष्कळांची गाडी थांबते. अहो, वि अधिक कला! कला म्हणजे अंश, त्यातही चंद्राचा सोळावा. सगळ्या कला असल्या की सकल, एखादी उणी झाली की विकल. मराठीने कलेची कळा केली: चंद्रकळा तीच, अवकळाही तीच. आणि पुरुषसूक्त काय म्हणतं? 'चंद्रमा मनसो जातः', चंद्र मनापासून जन्मला. मग मनोविकल म्हणजे मनाच्या चंद्राची कला उणावलेला! इंग्रजांनी इथे १९१२ साली 'लुनसी ॲक्ट' केला, त्यातही लॅटिनचा लूना म्हणजे चंद्रच. फरक इतकाच, की त्यांचा चंद्र वेड लावतो आणि आपला स्वतःच झिजतो. झिजलेला चंद्र कलेकलेने भरतो, म्हणून तर खटला मोडीत न काढता तहकूब ठेवायचा. कायदा करणाऱ्यांच्या डोक्यात हे नसणार, कबूल. शब्दाच्या डोक्यात आहे.

आमचे एक व्याकरणवाले स्नेही म्हणतात, कला 'कल्' म्हणजे मोजणे या धातूपासून आली, चंद्राचा काही संबंध नाही. मोजायचं काय होतं मग? वांगी? तिथी मोजायला आकाशात दुसरं होतं काय!

दुसरे एक निवृत्त वकील 'अक्षम'साठी अडून बसलेत. अक्षम कारभार असतो, अक्षम अधिकारी असतो. आजारी माणसाला तो शेरा कशाला? शिवाय घाईत टंकलेखक 'अक्षम्य' करून टाकतो, की निकाल आधीच लागला. शिवाजीनगर कोर्टाबाहेर टाइप झालेल्या एका अर्जात मी हे डोळ्यांनी पाहिलंय. वर पेनाने 'य' खोडलेला.

हां, तुमचा प्रश्न. 'आरोपी मनोविकल असल्याने स्वतःचा बचाव करण्यास असमर्थ आहे' असं लिहा. आणि पुढे 'त्यास येरवड्यास पाठवावे' एवढंच लिहून थांबू नका. तिथे कारागृहही आहे आणि मनोरुग्णालयही.