सुनावणीला ट्रॅक्टर भरून माणसं नेली की खाण थांबते का?

प्रश्न : ताई, आमचं गाव वरोरा तालुक्यात आहे, गावाचं आणि माझं नाव छापू नका. शिवाराला लागून कोळसा खाण येणार म्हणतात, ग्रामपंचायतीच्या बोर्डावर जनसुनावणीची नोटीस लागलीये. आम्ही पोरांनी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, तीनशे मेंबर झाले पण मीटिंगला देवळात अकरा जण. अर्धं गाव म्हणतं नोकरी मिळेल, अर्धं म्हणतं जमीन जाईल. सुनावणीला ट्रॅक्टर भरून माणसं न्यायची आणि जोरात घोषणा द्यायच्या असं ठरतंय. एवढ्यानं होईल का?

उत्तर : नाही होत भाऊ. माणसं न्याच, पण सुनावणीत मतदान नसतं, हात वर करून कोण जिंकलं असं काही ठरत नाही. तिथं काय नोंदवलं गेलं आणि लेखी काय दिलं गेलं तेच पुढं मंजुरी देणाऱ्यांकडं जातं. नोटीस निघाल्यापासून निदान ३० दिवस मिळतात, ते घोषणा बसवण्यात घालवू नका. पर्यावरण अहवाल कलेक्टर ऑफिसात, जिल्हा परिषदेत बघायला ठेवलेला असतो आणि त्याचा सारांश मराठीत मिळायलाच हवा, नसेल तर हीच तुमची पहिली लेखी हरकत.

अहवालात पाण्याचं प्रकरण आधी काढा. ही मोजणी बरेचदा एकाच सीझनची असते, तीही पावसाळा सोडून, मग तुमचा भरून वाहणारा नाला कागदावर कोरडा दिसतो. मी एकदा अशाच एका अहवालात एका गावची बोडी, म्हणजे छोटं तळं, शोधत बसले होते, गुरं पाणी पितात, बाया धुणं धुतात ती, तर नकाशात तिथं पडीक जमीन! त्या बायांनीच मग सुनावणीत उभं राहून बोडी कुठं, किती पायऱ्या, कोणत्या महिन्यात आटते ते सांगितलं. साहेबांना लिहून घ्यावं लागलं. म्हणून बचत गटाच्या बायांना पुढच्या रांगेत बसवा, पुढाऱ्यांना मागं.

आता ग्रामसभा. खाणीत जंगलाची जमीन जात असेल तर वनहक्क कायद्याखाली ग्रामसभेच्या संमतीचा मुद्दा येतो, आणि ओडिशातल्या नियमगिरीत २०१३ ला १२ ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं ते याच जोरावर. पण त्याच वर्षी मध्य प्रदेशात सिंगरौलीजवळ महानच्या जंगलात काय झालं बघा. अमेलिया गावच्या ६ मार्चच्या ग्रामसभेच्या, कोळसा खाणीला होकार देणाऱ्या ठरावावर १,१२५ सह्या निघाल्या आणि त्यात मेलेल्या माणसांच्याही सह्या होत्या!! लोक लढत राहिले आणि २०१५ ला तो कोळशाचा ब्लॉक लिलावातून वगळला गेला, पण मधल्या काळात त्याच ठरावाचा आधार घेऊन मंजुरी पुढं सरकलीच होती ना. म्हणून ठराव झाला की शेवटच्या सहीखाली आडवी रेघ मारा आणि पानाचा फोटो तिथंच काढा, उद्या काढू म्हणू नका.

आपल्याकडचंच सांगायचं तर ताडोबाजवळच्या लोहाऱ्याची कोळसा खाण. २००९ ला इको-प्रो संस्थेचे बंडू धोतरे १४ दिवस उपोषणाला बसले, चंद्रपूरकर सोबत उभे राहिले. पण सोबतीला वाघाच्या भ्रमणमार्गाचा मुद्दाही कागदावर पक्का होता आणि शेवटी पर्यावरण मंत्रालयानं नकार दिला. उपोषण बातमीत येतं हो, मंत्रालयाच्या टेबलावर मात्र कागद लागतो.

नोकरी मागणाऱ्या पोरांना गद्दार म्हणू नका, तुमच्यातलीच आहेत ती. त्यांना घेऊन एखाद्या जुन्या ओपनकास्टच्या, म्हणजे उघड्या खाणीच्या, शेजारच्या गावात एक दिवस जा, ब्लास्टिंगच्या वेळीच जा, भिंतींचे तडे बघा, आणि घरटी किती जणांना पक्की नोकरी लागली ते त्यांनाच विचारू द्या, तुम्ही मधे बोलू नका. जेवण घरून न्या, तिथं हॉटेलात कांदेपोह्यावर पण धूळ बसते.

आणि त्या ग्रुपवरचे गुड मॉर्निंग बंद करा. त्या अकरा जणांत कामं वाटा, हरकती घरोघरी वेगवेगळ्या लिहून घ्या, एकच मजकूर तीनशे वेळा झेरॉक्स करू नका, त्या एकच धरल्या जाऊ शकतात. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ऑफिसात दोन प्रती न्या, आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका, साहेब जेवायला गेलेत म्हणाले तरी.